"वाचवले" म्हणता, पण कशाच्या तुलनेत?

इथे अमेरिकेत शाळांचं आर्थिक वर्ष बहुतेक राज्यांत १ जुलैला सुरू होतं, त्यामुळे फेब्रुवारी-मार्च लागला की आमच्या ऑफिसात बजेटची धावपळ सुरू होते आणि नेमक्या त्याच सुमाराला आमच्या विभागीय एजन्सीकडून (म्हणजे आसपासच्या शाळांची सामायिक कामं करणाऱ्या संस्थेकडून) एक पीडीएफ येते. रंगीत, गुळगुळीत, पहिल्या पानावर हसरी पोरं आणि त्याखाली मोठ्या अक्षरात "गेल्या वर्षी आम्ही तुमच्या डिस्ट्रिक्टचे इतके डॉलर वाचवले". मी एका लहानशा स्कूल डिस्ट्रिक्टच्या बिझनेस ऑफिसात हिशेब बघते (राज्याचं नाव लिहीत नाही, नोकरी टिकवायचीय), आणि तो मोठा आकडा सरळ शाळा बोर्डाच्या मिटिंगच्या कागदपत्रांत जातो, बोर्ड मान डोलावतं, पुढच्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्ट मंजूर होतं. आकडा आला कुठून हे विचारायची फारशी पद्धत नाही. मला मात्र ती खोड आहे, त्यामुळे हे सगळं लिहिते आहे.

आधी थोडं बॅकग्राउंड, कारण भारतातल्या मित्रमंडळींना ही सिस्टिमच विचित्र वाटते. इथे शाळा राज्य सरकार चालवत नाही, शाळा चालवतात स्कूल डिस्ट्रिक्ट, आणि ती देशभरात साधारण १३,००० आहेत. बहुतेकांचं स्वतःचं निवडून आलेलं बोर्ड, स्वतःचा सुपरिंटेंडंट म्हणजे मुख्य अधिकारी, आणि बहुतेक ठिकाणी स्वतःचा प्रॉपर्टी टॅक्स. हवाईसारखं राज्य अपवाद, तिथे अख्ख्या राज्याचं मिळून एकच डिस्ट्रिक्ट, पण टेक्ससमध्ये हजाराच्या वर आहेत. आणि देशातल्या जवळपास निम्म्या डिस्ट्रिक्टमध्ये हजारापेक्षा कमी मुलं आहेत. म्हणजे आठशे मुलांसाठी सुद्धा वेगळा पगारपट, वेगळं टेंडर, वेगळा इन्शुरन्स, वेगळा कॉम्प्युटर सर्व्हर, सगळं वेगळं. हे परवडत नाही हे कळायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

मग मार्ग दोन. एक तर डिस्ट्रिक्ट एकमेकांत विलीन करायची, ज्याच्या नावानेच गावागावात भांडणं लागतात कारण शाळा गेली की गावाची बास्केटबॉल टीम जाते, नाव जातं, मुख्य म्हणजे टॅक्सवरचा ताबा जातो. दुसरा मार्ग म्हणजे डिस्ट्रिक्ट आहेत तशीच ठेवायची आणि त्यांच्या वर, राज्याच्या खाली, एक सामायिक एजन्सी बसवायची जी सगळ्यांची मिळून कामं करेल. न्यूयॉर्कने १९४८ मध्ये बोसीज काढल्या, आज तिथे ३७ आहेत. नेब्रास्काने १९६५ मध्ये ईएसयू काढल्या, टेक्ससची २० एज्युकेशन सर्व्हिस सेंटरं त्याच दशकातली, पेनसिल्व्हेनियात १९७१ पासून २९ इंटरमीडिएट युनिटं, आयोवात १९७५ ला १५ एईए सुरू झाल्या आणि एकत्र होत होत आता ९ उरल्यात. नाव प्रत्येक राज्यात वेगळं, काम साधारण तेच. स्पेशल एज्युकेशन (अपंगत्व असलेल्या मुलांचं शिक्षण), शिक्षकांचं ट्रेनिंग, सामूहिक खरेदी, इंटरनेट, पगाराचं सॉफ्टवेअर, वेल्डिंग-नर्सिंगसारखे व्यावसायिक कोर्स.

आता गंमत अशी की यातल्या बऱ्याच एजन्सींना स्वतःचा टॅक्स लावायचा अधिकार नाही. नेब्रास्काला आहे, मिशिगनला आहे, पण टेक्ससला नाही, न्यूयॉर्कला नाही. म्हणजे त्यांचं पोट डिस्ट्रिक्टच्या फीवर, राज्याच्या अनुदानावर आणि ग्रँटवर. पेनसिल्व्हेनियात तर राज्याने २०११ च्या बजेटमध्ये इंटरमीडिएट युनिटांना मिळणारे चालू खर्चाचे पैसे बंदच केले. त्यामुळे "आमच्यामुळे तुमचे पैसे वाचतात" हे दरवर्षी सिद्ध करत राहणं ही त्यांची गरज आहे, हौस नाही. टेक्ससच्या कायद्यात तर सरळ लिहिलंय की डिस्ट्रिक्टांना जास्त काटकसरीने काम करता यावं हा या सेंटरांचा एक हेतू आहे, आणि राज्याच्या शिक्षण आयुक्ताने दरवर्षी प्रत्येक सेंटरचं मूल्यमापन करायचं, त्यात हिशेबतपासणी आणि डिस्ट्रिक्टांचं समाधान दोन्ही आलं. त्यामुळे ही पीडीएफ बनवणाऱ्या माणसाबद्दल मला सहानुभूती आहे हे आधीच सांगते. पुढे जरा तिरकस लिहिणार आहे म्हणून.

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फसवी ओळ सामूहिक खरेदीची असते. पद्धत अशी की एजन्सी सगळ्या डिस्ट्रिक्टच्या वतीने एकच टेंडर काढते, विक्रेते भाव भरतात, आणि मग आम्ही कोणीही त्या कॉन्ट्रॅक्टवर माल उचलू शकतो. हे फक्त आपल्या विभागापुरतंच असतं असंही नाही, मिनेसोटातल्या स्टेपल्स नावाच्या छोट्या गावात बसलेली सोर्सवेल नावाची सरकारी एजन्सी देशभरासाठी असली कॉन्ट्रॅक्टं करते, ह्यूस्टनचं रीजन ४ (टेक्ससच्या त्या २० सेंटरांपैकीच एक) सुद्धा करतं, आणि लांबच्या कुठल्यातरी राज्यातली शाळा त्यावरून बस नाहीतर गवत कापायचं मशीन घेते. आता बचत कशी दाखवतात? कॅटलॉगचा भाव वजा कॉन्ट्रॅक्टचा भाव, गुणिले नग. झालं.

आमच्या पीडीएफमधली कागदाची ओळच घ्या, आकडे मी गोल करून लिहितेय. फोटोकॉपीचा कागद, पाच हजार पानांचा खोका. कॅटलॉग भाव ६२ डॉलर, कॉन्ट्रॅक्ट भाव ४१, एका खोक्यामागे २१ डॉलर "वाचले", गुणिले आम्ही घेतलेले ४०० खोके, म्हणजे ८,४०० डॉलर. छान. फक्त एकच अडचण, ६२ डॉलरला तो खोका जगात कोणी घेत नाही. मी आमच्या फायलीतून जुनं बिल काढलं, कॉन्ट्रॅक्टच्या आधी आम्ही जवळच्याच एका पुरवठादाराकडून तोच खोका ४३ ला घेत होतो. म्हणजे खरी बचत २ डॉलर गुणिले ४००, ८०० डॉलर. दहापट फरक, आणि खोटं कोणीच बोललेलं नाही बरं का, ६२ हा छापील भाव खराच आहे, वेबसाइटवर दिसतो.

शिवाय या कॉन्ट्रॅक्टांवर विक्रेता बहुतेक वेळा एजन्सीला विक्रीच्या साधारण एक-दोन टक्के प्रशासकीय फी देतो. कोणी म्हणतं ती विक्रेता देतो, तुम्ही कुठे देता. अहो तो काय घरून आणतो का, भावात धरलेलीच असते ती. हे वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, टेंडर काढायचं काम कोणीतरी करतं, त्याचे पैसे लागणारच, पण मग ती फी तक्त्यात कुठेतरी दिसायला हवी ना.

आणि उलट बाजूही सांगते, कारण या ओळीत एक खरी बचत दडलेली असते जी पीडीएफमध्ये कधी येतच नाही. ठराविक रकमेच्या वरची खरेदी असली की आम्हाला स्वतःचं टेंडर काढावं लागतं, पेपरात जाहिरात, स्पेसिफिकेशन लिहिणं, वकिलाची नजर, लिफाफे उघडायची तारीख, हरलेल्या विक्रेत्याची तक्रार आली तर तिचं उत्तर. आमच्या ऑफिसात हे करायला वेगळा माणूस नाही, म्हणजे मीच. तयार कॉन्ट्रॅक्ट असलं की हे सगळं वाचतं. हे तास मोजता येतात, कोणी मोजत नाही, कारण ८,४०० च्या शेजारी "बिझनेस ऑफिसचे पंचवीस-तीस तास" हे फार मरतुकडं दिसतं. मला विचाराल तर तीच ओळ सगळ्यात प्रामाणिक ठरली असती.

आता स्पेशल एज्युकेशन. इथे विषय खरंच खोल आहे आणि इथेच या एजन्सींचं अस्तित्व खऱ्या अर्थाने टिकून आहे असं माझं मत आहे. १९७५ च्या केंद्रीय कायद्यापासून, ज्याला आता आयडिया म्हणतात, अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला योग्य ते शिक्षण मोफत देणं डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे. पैसे नाहीत, माणूस मिळत नाही, ही कारणं चालत नाहीत. आता काही गरजा अशा असतात की त्या फार कमी मुलांना असतात, ठार अंध मूल, बहिरं मूल, दोन्ही असलेलं मूल. आठशे मुलांच्या डिस्ट्रिक्टमध्ये अशी एक-दोन मुलं असतात, एखाद्या वर्षी एकही नसतं. ब्रेल शिकवणारा शिक्षक पूर्णवेळ ठेवायचा तर करणार काय त्याचं?

मग एजन्सी एक शिक्षक ठेवते आणि तो गाडी घेऊन सहा डिस्ट्रिक्ट फिरतो. याची बचत कशी दाखवतात ते बघा. समजा शिक्षकाचा पगार, इन्शुरन्स, पेन्शन मिळून वर्षाला १,००,००० डॉलर, गाडीचा खर्च आणि एजन्सीचा वरखर्च धरून १,२०,०००. तक्त्यात लिहितात, सहा डिस्ट्रिक्टनी प्रत्येकी एक शिक्षक ठेवला असता तर ६,००,००० लागले असते, आम्ही १,२०,००० मध्ये केलं, बचत ४,८०,०००. वाचायला भारी. पण दोन मुलांसाठी पूर्णवेळ शिक्षक कोणी ठेवलाच नसता हो. खरा पर्याय काय होता? तासावर येणारा खाजगी माणूस. समजा त्याचा भाव तासाला १३० डॉलर, एका मुलाला आठवड्याला अडीच तास, शाळेचे ३६ आठवडे, दोन मुलं. १८० तास, २३,४०० डॉलर. एजन्सीचे १,२०,००० बारा मुलांत वाटले तर आमच्या दोन मुलांचे २०,०००. म्हणजे आमची बचत ३,४००, सहाही डिस्ट्रिक्टची मिळून २०,४००. कुठे ४,८०,००० आणि कुठे २०,४००. बदललं काहीच नाही, तोच शिक्षक, तीच मुलं, फक्त "नाहीतर काय झालं असतं" हे वाक्य बदललं.

आता तुम्ही म्हणाल मग एवढ्याशा ३,४०० डॉलरसाठी एजन्सी हवी कशाला. थांबा. तो १३० डॉलरवाला माणूस शहरापासून दीड तास लांब आमच्याकडे यायला तयार आहे का? बहुतेकदा नसतो. नाही आला तर सेवा चुकते, पालक तक्रार करतात आणि त्यांचं बरोबरच असतं, मग सुनावणी, दोन्हीकडे वकील, आणि निकाल विरुद्ध गेला तर चुकलेले सगळे तास भरून द्यायचे आणि वर पालकांच्या वकिलाची फी सुद्धा डिस्ट्रिक्टच्या डोक्यावर येऊ शकते. दुसरं म्हणजे मुलं गावं बदलतात. ऑगस्टमध्ये बजेट बसवलेलं असतं आणि ऑक्टोबरमध्ये एक कुटुंब राहायला येतं ज्यांच्या मुलाला ब्रेल लागतं, किंवा आहे ते मूल निघून जातं. स्वतःचा माणूस असेल तर पगार चालूच, एजन्सीचा असेल तर तो शेजारच्या डिस्ट्रिक्टकडे वळतो. खरं तर हा विमा आहे. आणि विम्याची किंमत "यावर्षी किती वाचले" या रकान्यात बसतच नाही, कारण ज्या वर्षी काही झालं नाही त्या वर्षी तो फुकट गेल्यासारखाच दिसतो. माझं म्हणणं एवढंच की एजन्सीने ४,८०,००० चा फुगा फुगवण्यापेक्षा हे सरळ लिहावं, की बचत ३,४००, आणि शिवाय ही जबाबदारी आम्ही उचलतो, माणूस शोधणं आमचं, आजारी पडला तर बदली देणं आमचं. बोर्डावरची माणसं शेतकरी आहेत, दुकानदार आहेत, त्यांना विमा कळतो.

न्यूयॉर्कचा प्रकार अजून वेगळा आहे आणि तिथल्या एका मैत्रिणीशी यावर माझं फोनवर चांगलंच वाजलं होतं. तिथे डिस्ट्रिक्टने बोसीजकडून एखादी सेवा घेतली की त्या खर्चाचा काही भाग राज्य पुढच्या वर्षी परत देतं, बोसीज एड म्हणतात त्याला. डिस्ट्रिक्ट जितकं गरीब तितका तो भाग जास्त, ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आता समजा १०० डॉलरची सेवा घेतली, ७० परत आले, डिस्ट्रिक्टला ३० ला पडली, आणि तेच काम स्वतः केलं असतं तर ८० लागले असते. मैत्रीण म्हणते ५० वाचले. डिस्ट्रिक्टच्या खिशातून बघितलं तर वाचलेच, तिचं काम त्या खिशाचा हिशेब ठेवायचं आहे, ती बरोबर आहे. पण ते ७० राज्याच्या तिजोरीतून आले, तिजोरी भरतो तोच टॅक्स देणारा माणूस, आणि सगळे खिसे एकत्र केले तर ८० चं काम १०० ला झालं. बचत कसली, २० जादा गेले.

अर्थात राज्यालाही हे कळतं. म्हणून सेवेला आयुक्तांची मंजुरी लागते, किमान दोन डिस्ट्रिक्टची मागणी लागते, आणि बोसीजच्या कर्मचाऱ्याच्या पगाराचा फक्त पहिला ३०,००० डॉलरचा भागच एडसाठी धरायचा असा नियम वर्षानुवर्षं होता. आता ३०,००० मध्ये न्यूयॉर्कमध्ये कुठला शिक्षक मिळतो? म्हणजे पगार जितका वाढत गेला तितकी डिस्ट्रिक्टच्या डोक्यावरची बाकी वाढत गेली, आणि माणसांवर चालणाऱ्या सेवा, उदाहरणार्थ वेल्डिंगचा वर्ग, महाग पडायला लागल्या, तर ज्यात पगार कमी आणि सामान जास्त अशा सेवांना ती मर्यादा जाचतच नाही. एडच्या नियमामुळे कुठली गोष्ट "स्वस्त" दिसते हेच बदलतं. आणि न्यूयॉर्क सिटी, बफलो, रॉचेस्टर, सिरॅक्यूज, यॉन्कर्स ही पाच मोठी डिस्ट्रिक्ट बोसीजच्या बाहेरच आहेत, त्यांना हा खेळ खेळताच येत नाही. मैत्रिणीला मी म्हटलं, एडच्या आधीचा आणि एडच्या नंतरचा असे दोन आकडे शेजारी शेजारी लिही, भांडण मिटलं. ती म्हणाली दोन आकडे लिहिले की बोर्ड दुसराच वाचतं. तेही खरंय.

इंटरनेटचंही असंच. केंद्राची ई-रेट नावाची योजना आहे, १९९६ च्या टेलिकॉम कायद्यातून आलेली, ज्यात शाळेच्या इंटरनेट बिलावर २० ते ९० टक्के सूट मिळते, गरिबी आणि ग्रामीण भाग बघून. बऱ्याच एजन्सी सगळ्या डिस्ट्रिक्टचा एकत्र अर्ज भरतात आणि मग सगळी सूट स्वतःच्या बचतीत मोजतात. अहो ती सूट आम्ही एकट्याने अर्ज केला असता तरी मिळालीच असती! एजन्सीचं श्रेय दोनच ठिकाणी, एक म्हणजे सगळ्यांची मिळून मागणी मोठी असल्याने मूळ भाव खाली आला तर तो फरक, आणि दुसरं म्हणजे कागदपत्रं. विक्रेत्यांकडून भाव मागवायला फॉर्म ४७० टाकायचा, मग किमान २८ दिवस थांबायचं, आलेल्या भावांची तुलना लिहून ठेवायची, मग सुटीच्या अर्जाचा फॉर्म ४७१, आणि यात एखादी तारीख चुकली की वर्षाची सूट गेली. ही कटकट ज्याने केलीय त्यालाच ती दुसऱ्याने केल्याची किंमत कळते. मेडिकेडचे (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे) पैसे, ग्रँटचे पैसे, यांनाही "बचत" म्हणून तक्त्यात घुसवतात, त्यावर मी वेगळं लिहीत बसत नाही, ते उत्पन्न आहे, बचत नाही, विषय संपला.

यावर कोणी म्हणेल, एवढं काय त्यात, सगळेच आपली बाजू जरा फुगवून मांडतात. मलाही आधी तसंच वाटायचं, पण २०२४ मध्ये आयोवात जे झालं ते बघून मत पक्कं झालं. तिथे जवळजवळ पन्नास वर्षं डिस्ट्रिक्टचे पैसे राज्याकडून एईएकडे आपोआप जात होते, डिस्ट्रिक्टला विचारायचा प्रश्नच नव्हता. गव्हर्नर किम रेनॉल्ड्स यांनी प्रश्न उचलला की खर्च इतका होतोय आणि स्पेशल एज्युकेशनमधल्या मुलांचे निकाल इतके मागे का, आणि पैसे डिस्ट्रिक्टच्या हातात द्या, त्यांना वाटलं तर ते एईएकडून सेवा घेतील. पालक रस्त्यावर आले, विधानसभेत दोन-अडीच महिने घासाघीस झाली, मूळ प्रस्ताव बराच पातळ झाला, पण मार्चमध्ये कायदा झालाच. ट्रेनिंग आणि मीडिया (पुस्तकं, व्हिडिओ वगैरे साहित्य पुरवण्याच्या) सेवांचे पैसे पहिल्या वर्षी ६० टक्के आणि दुसऱ्या वर्षापासून पूर्ण डिस्ट्रिक्टकडे, स्पेशल एज्युकेशनचे दुसऱ्या वर्षापासून १० टक्के डिस्ट्रिक्टकडे आणि ९० टक्के मात्र एईएलाच द्यायचे. यात राजकारण होतं, कोणाचे निकाल कोणाशी तुलना करायचे यावर भांडण होतं, सगळं होतं. पण मला खटकलं ते असं की पन्नास वर्षं काम केल्यावर सुद्धा "तुमच्याशिवाय हे किती महाग पडलं असतं" याचं उत्तर पालकांच्या अनुभवांतून द्यावं लागलं, डिस्ट्रिक्टनिहाय आकड्यांतून नाही. अनुभव खरेच होते, पण समोरचा आकडे घेऊन आला की अनुभव कमी पडतात. पैसे आपोआप येत होते तेव्हा हिशेब दाखवायची गरज वाटली नाही, आणि गरज पडली तेव्हा वेळ गेलेली.

ओरेगनची पद्धत मला त्यामानाने बरी वाटते. तिथल्या ईएसडींना, म्हणजे तिथल्या अशाच एजन्सींना, राज्याच्या शाळा निधीतून वाटा मिळतो, पण त्यातला किमान ९० टक्के डिस्ट्रिक्टनी मिळून ठरवलेल्या सेवांवरच खर्च करायचा, आणि कुठल्या सेवा द्यायच्या याच्या आराखड्याला डिस्ट्रिक्टच्या बोर्डांची मंजुरी लागते. म्हणजे बचतीचा पुरावा अर्धा तिथेच मिळतो, लोक पुन्हा पुन्हा तीच सेवा मागतात का ते बघा. जिथे सोडून जायची मुभा आहे आणि तरी कोणी सोडून जात नाही, तिथे पीडीएफची गरज कमी. पूर्ण पुरावा हाही नाही, कारण खेड्यात दुसरा पर्यायच नसला तर माणूस राहतोच.

आमच्याकडे गेल्या काही वर्षांत एक चांगली गोष्ट झाली ती सांगते. एजन्सीत हिशेबाला नवीन बाई आल्या, त्यांना मी फोन करून म्हटलं की कॅटलॉग भाव काढून टाका, त्याजागी आमचं स्वतःचं शेवटचं बिल धरा, महागाई लावून, आणि ते नसेल तर आमच्याच आकाराच्या पण तुमची सेवा न घेणाऱ्या डिस्ट्रिक्टला काय पडतं ते. आणि सदस्य फी, वरखर्चातला आमचा वाटा, हे सगळं वजा करूनच खाली आकडा लिहा. मला वाटलं टाळतील. पण त्यांनी केलं, आणि पुढच्या तक्त्यात एक ओळ चक्क उणे आली, पगारपटाच्या सेवेची. आमचे कर्मचारी कमी, एजन्सीचं सॉफ्टवेअर मोठ्यांसाठी बनवलेलं, त्यामुळे आम्हाला ते स्वतः करण्यापेक्षा महाग पडत होतं. एकूण आकडा आधीच्या एक चतुर्थांशही नव्हता.

बोर्ड मिटिंगमध्ये ती लाल ओळ दिसली तेव्हा आमचे सुपरिंटेंडंट जरा चुळबुळले. पण मागच्या कोपऱ्यात बसणारे एक म्हातारे मेंबर, निवृत्त शेतकरी, नेहमी सगळ्याला विरोध करणारे, त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत बोट लावून वाचला आणि म्हणाले, "ही ओळ तोट्यात आहे म्हणून लिहिलीय ना, मग बाकीच्या मला मान्य." पगारपटाची सेवा बंद केली, बाकी सगळी कॉन्ट्रॅक्टं एकमताने मंजूर. आधीच्या वर्षी चौपट मोठा आकडा होता तेव्हा याच माणसाने अर्धा तास खाल्ला होता.

तरी एक रकाना अजून रिकामा आहे आणि तो कसा भरायचा ते मला कळत नाहीये. आमची अकरावी-बारावीची काही मुलं व्यावसायिक कोर्ससाठी एजन्सीच्या सेंटरला जातात, वेल्डिंग, ऑटो, नर्सिंग असिस्टंट. पैशात तिथे काही वादच नाही, वेल्डिंगचा वर्ग उभा करायचा म्हणजे प्रत्येक मुलाला स्वतंत्र बूथ, धूर ओढायची यंत्रणा, गॅस, मशीनं, आणि बाहेर दुप्पट पगार मिळत असताना शिकवायला येणारा माणूस, सहा-सात मुलांसाठी आम्ही ते जन्मात करू शकत नाही. पण मुलं रोज बसमध्ये जाऊन-येऊन जो वेळ घालवतात तो कोणाच्या खर्चात धरायचा? डिझेल माझ्याकडे आहे, ड्रायव्हरचा पगार आहे, मुलांचा वेळ कुठेच नाही. एजन्सीच्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या तुम्ही आकडा द्या, मी रकाना देते. म्हणून सध्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडून बसचे लॉग मागवलेत, त्यात निदान सुटायची आणि पोचायची वेळ लिहिलेली असते. त्या वेळेला भाव काय लावायचा हे कोणाला माहीत असेल तर खाली नक्की सांगा.